तुम्हाला ‘सर’ म्हणणारा जमाव

सर,

काल कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, जुने विद्यार्थी बोलले, आणि ज्यांनी गेली काही वर्षं तुमच्याशी बोलणं टाकलं होतं तेसुद्धा बोलले. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की सर फार शांत स्वभावाचे होते. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. तुम्ही शांत कधी होतात? टेबलावर डस्टर आपटून तुम्ही माझ्याशी भांडलात. डोक्याला पट्ट्या बांधून इस्पितळाच्या खाटेवर पडलेले असताना भांडलात. अगदी दिवाळीत, फराळाचं ताट मांडीवर घेऊन, काकू ‘अहो, सणासुदीचं तरी’ म्हणत असताना भांडलात. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. मला जे म्हणायचं होतं ते त्या सभेत म्हणण्यासारखं नव्हतं, आणि ज्याला म्हणायचं होतं तो हार घातलेल्या फोटोत होता.

म्हणून इथे बोलते. तुम्ही मधेच तोडाल असं धरून चालायची सवय अजून गेलेली नाही. प्रत्येक वाक्यानंतर थांबावंसं वाटतं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी तुम्ही सेमिनारचे विषय फळ्यावर लिहिलेत. वैफल्य आणि आक्रमकता. आज्ञापालन. अफवा कशा पसरतात. पूर्वग्रह कसे शिकले जातात. आणि सगळ्यात खाली, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात, जमावातील व्यक्ती. शेखरने आज्ञापालन घेतलं. तुमचा लाडका विद्यार्थी तो, गंगापूर रोडच्या पुढे त्याच्या वडिलांचे द्राक्षाचे मळे. इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीत तोंडपाठ बोलल्यासारखा बोलायचा. मी पूर्वग्रह मागितला. तुम्ही म्हणालात, “तो नको. तुमच्यातल्या प्रत्येकाला तोच हवा असतो.” ‘तुमच्यातल्या’ म्हणालात आणि स्वतःच ओशाळलात. खडू उगाच चोळत बसलात. मग माझ्या नावासमोर जमाव लिहिलात.

मी महिनाभर लायब्ररीत बसले. पुस्तकांत लिहिलं होतं की जमावात माणसाचं व्यक्तित्व विरघळतं. त्याला नाव उरत नाही, चेहरा उरत नाही. जबाबदारी सगळ्यांत वाटली जाते, म्हणून ती कोणाचीच राहत नाही. कोणी ओळखत नाही या आडोशाला हात उठतो. मी ते सगळं नीट उतरवून घेतलं आणि सेमिनारच्या दिवशी वर्गापुढे उभी राहून वाचायला लागले. अर्ध्यावर आल्यावर माझ्याने पुढे वाचवेना.

“सर, हे असं नसतं,” मी म्हणाले.

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “कसं असतं मग?”

मी सांगितलं. तोपर्यंत कॉलेजात मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आमचं गाव देवळ्याकडचं. आमच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. गावाने काही दिवस दातओठ खाल्ले. मग एका उन्हाळ्यात गावातल्या बड्या शेतकऱ्याचा बैल मेला आणि बाबांना सांगावा आला. बाबा काही बोलायच्या आधी माझ्या किसनदादाने निरोप्याला सांगितलं, “ज्याचा बैल त्यानं ओढावा.” दादा कांद्याच्या आडतीवर तोलाईचं काम करायचा. शब्द जपून वापरणारा माणूस. तेवढंच वाक्य बोलला आणि जेवायला बसला.

ते भर दुपारी आले. कुऱ्हाडीचे दांडे होते, रॉकेलचा डबा होता. आणि सर, ते आरडाओरडा करत आले नाहीत. दारासमोर उभं राहून एकाने हाक मारली, “किसन, बाहेर ये रे.” तो भिका होता. दादा आणि तो एका सायकलवर डबलसीट आडतीवर जायचे. दादा हातावर पाणी घेऊन उठला आणि बाहेर गेला. हाक ओळखीची होती म्हणून गेला. पहिला दांडा त्याच्या तोंडावर बसला. मग कोणी छपरावर रॉकेल ओतलं. आईने मला केसांना धरून मागच्या कुडातून बाहेर ओढलं, माझ्या पाठीची कातडी कुडाच्या काड्यांना लागून सोलून निघाली. आम्ही वळून आलो तेव्हा दादाचा जबडा एका बाजूला गेला होता आणि तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. तोंडातून नुसते बुडबुडे येत होते. भिकाने वाकून त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि पुन्हा मारलं.

“त्यातल्या एकाचंही व्यक्तित्व विरघळलं नव्हतं,” मी वर्गात म्हणाले. “सगळ्यांना ते कोण आहेत ते माहीत होतं. दादा कोण आहे तेही माहीत होतं.” आणि मी वर्गात त्या सगळ्यांची नावं घेतली.

मग तुम्ही जे बोललात त्यासाठी मी तुम्हाला कित्येक वर्षं माफ केलं नाही.

“सुजाता, अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. एका घटनेने सिद्धांत मोडत नसतो.”

“मग किती माणसं मेली म्हणजे मोडतो, सर?”

तुम्ही डस्टर आपटलंत आणि तास संपल्याचं सांगितलंत. बाहेर व्हरांड्यात शेखर माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. त्या काळी वर्गात आम्ही मुलंमुली एकमेकांना अहोजाहो करायचो. तो म्हणाला, “फार वाईट झालं हो तुमच्या भावाचं. पण सेमिनार जरा वैयक्तिक झाला, नाही?” तो खरंच हळहळला होता. हे मला आज सांगायला हवं, कारण नंतर लोकांनी त्याला पहिल्यापासूनचा राक्षस करून टाकलं. तो राक्षस नव्हता. त्याने ग्लास विसळून आणला होता.

तुम्ही मला त्या सेमिनारला जेमतेम पास केलंत आणि निकालाच्याच दिवशी म्हणालात, “रविवारी घरी या. वाद अर्धा राहिलाय.”

मी आले ती केवळ रागाने आले. काकूंनी दार उघडलं, मला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि हातात वाटाण्याच्या शेंगा दिल्या सोलायला. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसलात आणि दाणे खात खात विचारलंत, “त्या लोकांचं पुढे काय झालं? केस झाली असेल ना?”

झाली होती. कोर्टात बाबांना विचारलं, यातल्या कोणाला ओळखता का? बाबांनी समोर रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांच्या शेतात ते राबले होते. “सायेब, धूर लय व्हता,” बाबा म्हणाले. “काय दिसलं नाय.” आई बाहेर पायरीवर बसली होती. माझ्या दोन धाकट्या बहिणी गावात मामाकडे होत्या आणि कोणीतरी बाबांना सकाळीच विचारून गेलं होतं, पोरी बऱ्या आहेत ना म्हणून. सगळे सुटले. आम्ही गाव सोडलं, बाबा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात मदतनीस म्हणून लागले आणि त्यांनी दादाचं नाव घेणं सोडलं.

तुम्ही दाणे खायचे थांबलात. “तुमच्या वडिलांनीही सिद्धांत वापरला की,” तुम्ही म्हणालात. “जमावाला चेहरा नसतो.”

मी शेंगांचं ताट तसंच ठेवून निघून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. असं किती वर्षं चाललं, सर. मला तुमच्याच विभागात नोकरी लागली, मुलाखतीला तुम्ही बाजूला बसून एक अक्षर बोलला नाहीत, आणि लोक म्हणाले तुम्हीच शब्द टाकलात. वाद तोच. तुम्ही म्हणायचात, परिस्थिती माणसाला घडवते, कोणालाही त्या गर्दीत ढकला, तो तेच करील. मी म्हणायचे, वस्तीत पन्नास घरं आहेत, मग बरोबर आमच्याच दारात कसे आले? गर्दीला पत्ता कोण सांगतो?

मग तो दिवस आला. त्या आठवड्यात शहरात एका मिरवणुकीच्या वाटेवरून वातावरण बिघडलं होतं. दुकानं अर्धी शटरं ओढून बसली होती. दुपारी मी तुमच्याकडे परीक्षेचे पेपर घेऊन आले होते. काकू चहा टाकत होत्या. रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला आणि तुम्ही खिडकीशी गेलात. एक माणूस सायकल टाकून तुमच्या गल्लीत धावत येत होता, अंगावर कारखान्याचा गणवेश, सायकलच्या हँडलला छोटासा निळा झेंडा बांधलेला. तेवढं पुरलं होतं. त्याचं नाव मधुकर, हे आम्हाला नंतर कळलं. पहिली पाळी संपवून घरी निघाला होता.

तुम्ही फाटक उघडलंत. मी अजूनही ते डोळ्यांसमोर आणते. तुम्ही धावला नाहीत. चप्पल घातलीत, अंगणातून चालत गेलात, कडी काढलीत आणि त्याला आत घेऊन कडी परत लावलीत. घरात आल्यावर मला म्हणालात, “काकूंना घेऊन मागे जा आणि दार लावून घे.” पहिल्यांदाच तुम्ही मला अरेतुरे केलंत. मधुकरला इतका दम लागला होता की त्याला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. फाटक कोसळल्याचा आवाज आला तशी मी काकूंना मागच्या खोलीत ढकललं आणि कडी घातली. दाराला पाठ लावून उभी राहिले. मला दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं आलं.

काचा फुटल्या. कपाट पडलं. मधुकर ओरडला, “साहेब, पोरगी लहान हाय माझी.” तुमचा आवाज आला, वर्गात यायचा तसा, “कोणी पुढे यायचं नाही.” आणि मग त्या सगळ्या गदारोळात एक आवाज, स्वच्छ, समजावणीचा:

“सर, तुम्ही बाजूला व्हा. सर, प्लीज. तुम्हाला लागेल.”

काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. आम्हा दोघींनाही तो आवाज ओळखीचा वाटला. पण बंद दारातून ऐकलेल्या आवाजाला कोर्टात काय किंमत? तुम्ही बाजूला झाला नाहीत. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला. तो ओला असतो, सर. पुस्तकात हे कोणी लिहिलेलं नाही.

मी कडी काढली तेव्हा ते निघून गेले होते. मधुकर जेवणाच्या टेबलाखाली होता, तिथे लपायला शिरला असावा, आणि त्याला तिथेच मारलं होतं. टेबल ओढून काढायलाही कोणी थांबलं नव्हतं. वाकून मारलं होतं. त्याच्या डोक्याचं जे झालं होतं त्यावर काकूंनी दिवाणावरची चादर टाकली. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. कपाळापासून कानापर्यंत फाटलं होतं, खांदा खाली लोंबत होता, आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “तो मला सर म्हणाला.” तुम्हाला त्या क्षणी तेवढंच सुचत होतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात पोलीस जबाब घ्यायला आले. मी खाटेशी उभी होते. फौजदारांनी विचारलं, “कोणी ओळखीचं दिसलं का, सर?” तुम्ही छताकडे पाहत राहिलात. “गर्दी होती,” तुम्ही म्हणालात. “नक्की सांगता येत नाही.”

ते गेल्यावर मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल, तुम्ही विसरणारे नव्हतात. बाहेर जिन्यावर मधुकरची बायको बसली होती. तिच्या मांडीवर पोरगी झोपली होती. मी म्हणाले, “माझ्या बाबांना धूर दिसला, तुम्हाला गर्दी दिसली. त्यांना दोन पोरींची भीती होती. तुम्हाला कशाची भीती आहे?”

तुमचे ओठ सुजले होते. शब्द नीट फुटत नव्हते. “भीती नाही, सुजाता,” तुम्ही म्हणालात. “माया आहे. मी शिकवलंय त्याला. त्याचा बाप मेला तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलो होतो.”

मला तेव्हा तुमचा गळा धरावासा वाटला. खरं सांगते. भीती मला समजत होती, मी तिच्यातच वाढले. पण मायेपायी एक माणूस टेबलाखाली मेलेला तसाच सोडून द्यायचा, याला काय म्हणायचं ते मला कळेना. मी बाहेर जाऊन त्या बाईशेजारी जिन्यावर बसले. तिने विचारलं, “सर काय बोलले का?” मी म्हणाले, अजून शुद्धीवर नीट आलेले नाहीत.

आणि तुम्ही आलात शुद्धीवर. आणलं शेखरनेच.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तो तुम्हाला भेटायला आला. पांढरा शर्ट, हातात मोसंब्यांची पिशवी. एव्हाना तो एका पुढाऱ्याच्या बरोबर असायचा, वर्तमानपत्रात मागच्या रांगेत दिसायचा. मी खिडकीशी होते, माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. मग खाली वाकून तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडायला लागला. खोटं रडत नव्हता. “सर, मला काही आठवत नाही,” तो म्हणाला. “मी तिथे होतो का, हेसुद्धा मला नीट सांगता येणार नाही. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला. जमावात माणूस स्वतःचा राहत नाही.”

तुम्ही त्याला उठवलंत. धड असलेल्या हाताने त्याच्या मनगटाला धरलंत आणि खूप वेळ सोडलं नाहीत. मला वाटलं, झालं, आता क्षमा करणार. तुम्ही हळू आवाजात विचारलंत, “मला हाक कोणी मारली मग?”

“कोणती हाक, सर?”

“बाजूला व्हा म्हणून. मला लागेल म्हणून. माझी काळजी तुला होती, शेखर. त्या गर्दीत, हातात काठी घेऊन, मला लागू नये हे तुला कळत होतं. त्या माणसाला लागावं हेही कळत होतं. तू पूर्णपणे तूच होतास.”

तो मोसंबी तिथेच ठेवून गेला. तुम्ही मला म्हणालात, “फौजदारांना बोलवा.” पुन्हा अहोजाहोवर आला होतात. जबाब पुन्हा घेतला. तुम्ही पाहिलं होतंत तेवढंच सांगितलंत. टेबलाखाली वाकून पहिला घाव शेखरने घातला, ते पाहिलं. तुमच्या डोक्यात काठी कोणाची बसली, ते पाहिलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाहीत. फौजदारांनी दोनदा विचारलं, हेही त्याच्याच नावावर घालू का? तुम्ही नाही म्हणालात. सही करताना तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही ते पुसलं नाहीत.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी तुमच्याच सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स आणल्या होत्या. त्यांनी त्यातला परिच्छेद मोठ्याने वाचला आणि विचारलं, “जमावात व्यक्तीचं भान हरपतं, तिला जबाबदार धरता येत नाही, असं आपणच शिकवता ना, प्राध्यापक?”

“शिकवत होतो,” तुम्ही म्हणालात.

“म्हणजे आता शिकवत नाही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“तो मला सर म्हणाला तेव्हापासून.”

मागच्या बाकावर बाबा बसले होते. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. कारखान्यातून रजा काढून ते स्वतःहून आले होते, मधुकर त्यांच्याच कारखान्यातला म्हणून. तुम्ही पिंजऱ्यातून उतरलात, तेव्हा बाबा उठून उभे राहिले. तुमचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, पण दर वेळी दुसऱ्याच एखाद्या मुद्द्यावरून आपलं जुंपायचं आणि राहून जायचं. त्या दिवशी परतताना बसमध्ये बाबांनी कित्येक वर्षांनी दादाचं नाव घेतलं. “किसनला त्यांच्यासारखा एक जरी साक्षीदार मिळता,” म्हणाले, आणि ओझर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

शेखरला आणि आणखी काही जणांना सजा झाली. जे त्या दिवशी गाडीत बसून दुरून बघत होते, ज्यांनी निळा झेंडा कुठल्या रस्त्याने येतो ते सांगून ठेवलं होतं, त्यांच्यापर्यंत कोणी पोचलं नाही. तुमच्या वाट्याला काय आलं? खिडक्यांवर दगड. दूधवाल्याने बंद केलेलं दूध. वर्गात रिकामे बाक. एकदा तर भर रस्त्यात एका बाईने तुमच्या अंगावर थुंकून विचारलं, आपल्याच पोराला फासावर द्यायला निघाला होतात? आणि डोक्यातल्या त्या जखमेमुळे येणाऱ्या फिट्स. शिकवता शिकवता तुमचा खडू हातातून पडायचा, मी वर्गाबाहेरून आवाज ऐकून धावत यायचे आणि तुमच्या दातांत रुमाल घालायचे.

एवढं होऊनही तुम्ही मला सुखाने सहमत होऊ दिलं नाहीत. तुम्ही उलट्या टोकाला गेलात. परिस्थिती वगैरे काही नसतं, माणूस जे करतो ते तोच करतो, बाकी सगळ्या सबबी, असं म्हणायला लागलात. आणि मी, मी तुमच्याशी तुमच्याच जुन्या बाजूने भांडायला लागले! भिकाला काठी कोणी दिली, बैल कोणाचा होता, त्याच्या मनात ते विष लहानपणापासून कोणी घातलं, हे विचारायचंच नाही का? एकटा भिका आणि एकटा शेखर धरून बसलात तर गाडीत बसलेले कायमचे सुटतील, सर. गेल्याच आठवड्यात हाच मुद्दा चालू होता. तुम्ही म्हणालात, “पटत नाही. पण विचार करतो.” तुम्ही विचार करतो म्हणालात म्हणजे बहुतेक पटलं होतं. त्याच आठवड्यात फिट आली आणि या वेळी तुम्ही परत आला नाहीत.

काल सभा संपल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. “सुजाता, एक काम होतं. त्याला कोणी सांगितलं नसेल.”

“कोणाला?”

“शेखरला. हे दर महिन्याला नाशिकरोडला जायचे, जेलमध्ये. पहिले कित्येक महिने तो भेटायलाच यायचा नाही. हे बाहेर बसून परत यायचे. मग भेटायला लागला. तुला सांगू नको म्हणाले होते. तुला राग येईल म्हणून.”

आला, सर. आत्ताही आहे. माझ्यापासून लपवलंत याचा आला, आणि त्यापेक्षा जास्त याचा आला की तुम्ही साक्षही दिलीत आणि मायाही सोडली नाहीत. मला वाटलं होतं दोन्हीपैकी एकच करता येतं. मी काकूंना म्हणाले, माझ्याने होणार नाही. आणि आज सकाळी नाशिकरोडच्या बसमध्ये बसले.

जाळीच्या पलीकडे तो आला तेव्हा मी ओळखलं नाही. केस पांढरे झालेत, खांदे उतरलेत. त्याने माझ्या मागे पाहिलं, तुम्ही उशिरा येताय असं वाटलं असावं.

“सर गेले,” मी म्हणाले. “शुक्रवारी. फिट आली होती.”

त्याने दोन्ही हातांनी जाळी धरली. आजूबाजूला इतर कैद्यांचे नातेवाईक ओरडून बोलत होते, एक बाळ रडत होतं. मग त्याने विचारलं, “डोक्यातल्या त्याच जखमेमुळे?”

“हो.”

“सुजाताबाई,” तो म्हणाला, “ती काठी माझी होती. सरांना मी कधी सांगितलं नाही. ते प्रत्येक भेटीत समोर बसायचे, मी प्रत्येक वेळी सांगायचं ठरवायचो. त्यांनी कधी विचारलंच नाही.”

मी तुमच्या जागी काय बोलावं, सर? तुम्ही असतात तर काहीतरी बोलला असतात. त्याला बरं वाटेल असं मी काही बोलले नाही, आणि त्याला आणखी मारावं असंही मला वाटलं नाही. शिपाई वेळ संपली म्हणून ओरडायला लागला. मी शेखरला म्हणाले, “बाहेर पडल्यावर फौजदारांना सांगू, की ती काठी तुमची होती असं तुम्हीच सांगताय?”

त्याने जाळी सोडली, डोळे पुसले आणि मान हलवली.

“सांगा,” तो म्हणाला. “माझं नाव सांगा.”